अठरा मिलिमीटर

कोरल ड्रॉ सुरू करताना एफ-८ ही कळ दाबून धरली की तो आधी विचारून घेतो, सगळं पहिल्यासारखं करू का? फोटोशॉपला त्यासाठी तीन कळा लागतात. कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट, तिन्ही एकदम, आणि त्याही प्रोग्रॅम नीट जागा व्हायच्या आत. आमच्या चांदूर रेल्वे गावात ही विद्या तोंडोतोंडी चालते. फ्लेक्सवाल्याकडून ती पत्रिकावाल्याकडे जाते, तिथून झेरॉक्सवाल्याकडे, आणि लग्नसराई तोंडावर आली की तिचा भाव वाढतो. कारण पत्रिकांची गर्दी, भाऊसाहेबांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स आणि शाळांचे दाखले एकाच काँप्युटरवर एकाच दिवशी येतात, आणि नेमकं तेव्हाच पडद्यावरच्या पट्ट्या कुठंतरी पळून जातात. कुणाचं तरी पोरगं माउस घेऊन बसलेलं असतं किंवा घाईत कुठली तरी कळ दबलेली असते. रंगांची पट्टी दिसेनाशी होते, मोजपट्टी इंचाची मिलिमीटरवर जाते आणि अवजारांची खिडकी पडद्याबाहेर कुठंतरी उघडते.

प्रूफ पाहायला आलेले मुलीचे वडील बाकावरून अर्धे उठतात.

‘गेलं काय रे सारं?’

‘काही नाही गेलं बाबा. सेटिंग बिघडली फक्त.’

‘मंग माह्या पोरीची पत्रिका?’

‘पत्रिका येगळी, सेटिंग येगळी. बसा तुमी.’

दुकानातला पोरगा एवढं बोलून एफ-८ दाबतो आणि पडदा कोऱ्या करकरीत रूपात परत येतो. पत्रिका जशीच्या तशी असते. गणपती जागेवर, आमचे येथे श्रीकृपेकरून जागेवर, मामाच्या नावाआधीचं ‘श्री’सुद्धा जागेवर. बाबा पुन्हा बाकावर टेकतात. त्या पोरानं दोन वाक्यांत सांगितलेली गोष्ट बऱ्याच शिकल्यासवरल्या माणसांना ठाऊक नसते. आपण केलेलं काम एका ठिकाणी असतं आणि ते करण्याच्या आपल्या सवयी दुसऱ्याच ठिकाणी, बहुधा नजरेआड ठेवलेल्या एका फोल्डरात. वर्डमध्ये ‘नॉर्मल’ नावाचा एक साचा असतो, लिबर ऑफिसमध्ये वापरणाऱ्याचं प्रोफाइल असतं, ब्राउझरचं आपलं वेगळं असतं. कुठला टाइप आवडतो, खिडकी केवढी उघडायची, शेवटी कुठल्या प्रिंटरवर छापलं, समास किती सोडायचा, कुठल्या शब्दाला चूक म्हणायचं नाही, याची सगळी नोंद तिथं साठत जाते. आपण काही लिहून देत नाही, पण यंत्र टिपून ठेवत असतं.

ही नोंद लिहिली जात असतानाच वीज गेली तर ती अर्धवट राहते. मग प्रोग्रॅम उघडत नाही, किंवा उघडला तर तिरपागडा उघडतो. अशा वेळी काँप्युटर बंद करून पुन्हा चालू करण्याचा सर्वमान्य उपाय कामाचा नसतो. बंद-चालू केल्यानं तात्पुरती स्मृती पुसते, पण बिघडलेली नोंद डिस्कवर तशीच बसलेली असते. प्रोग्रॅम दर वेळी सुरू होताना तीच वाचतो आणि दर वेळी त्याच जागी ठेचकाळतो. उपाय एकच, ती नोंद वाटेतून बाजूला करायची. नोंद सापडली नाही की प्रोग्रॅम मुकाट्यानं नवी तयार करतो, अगदी बनवणाऱ्यानं सांगून ठेवली होती तशी. रीसेटचं एवढं मोठं नाव, आत घडतं ते इतकंच.

ज्यांनी हे प्रोग्रॅम लिहिले त्यांना माणसाचा जीव कळत असावा, कारण सगळं धुऊन टाकणारा रीसेट क्वचितच कुणी ठेवला आहे. क्रोमला मूळ सेटिंगवर नेलं तरी खुणा करून ठेवलेली पानं, पाहिलेल्या पानांचा इतिहास आणि साठवलेले पासवर्ड तो राखतो. फायरफॉक्स ताजा करून घेतला तर जुन्या नोंदींचं एक गाठोडं डेस्कटॉपवर आणून ठेवतो. वर्डचा साचा बिघडला की जाणकार तो पुसत नाहीत, नाव बदलून ठेवतात. नव्यानं सुरुवात करायची असते, पण जुनं हाताशी लागतं, हे त्यांनी धरूनच चालायचं ठरवलेलं दिसतं.

माझ्या लिहिण्याच्या प्रोग्रॅमची नोंद एका मे महिन्यात वळवाच्या पावसानं बिघडवली. आमच्याकडे वळीव येतो तो आधी धुळीचा लोट पाठवून. टिनं वाजतात, लिंबाच्या काड्या अंगणभर होतात आणि तारा एकमेकींना लागायच्या आत वीज जाते. त्या दिवशीही तशीच गेली. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम उघडेना. पत्रिकेच्या दुकानातला तोच पोरगा संध्याकाळी घरी आला, चहा घेतला, तो नजरेआडचा फोल्डर शोधून त्याच्या नावापुढं ‘जुनं’ असं जोडलं आणि म्हणाला, ‘आता उघडा काका.’ उघडला. स्वच्छ, टापटीप आणि अनोळखी. माझ्याच खुर्चीवर बसून मी दुसऱ्याच कुणाच्या तरी टेबलावर लिहितो आहे, असं वाटत राहिलं.

हे दुसरं कुणीतरी कोण, ते पहिल्याच छपाईत कळलं. तहसीलला द्यायचा एका पानाचा अर्ज होता. छापला तर दोन कागद आले. पहिल्यावर सगळा मजकूर आणि दुसऱ्यावर फक्त ‘आपला विश्वासू’, त्याखाली माझं नाव. एवढ्या मोठ्या पांढऱ्या कागदावर एकटा विश्वासू पाहून हसू आलं, आणि मग लक्षात आलं की प्रोग्रॅमनं पानाचा आकार ‘लेटर’ धरला आहे. लेटर हा अमेरिकेचा कागद, साडेआठ इंच रुंद आणि अकरा इंच उंच. आपल्याकडे दुकानात मिळतो तो ए-४, २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच. ए-४ चं मूळ जर्मनीत १९२२ साली ठरवलेल्या मापांत आहे आणि त्याची खुबी अशी, की मधोमध दुमडला तरी आकाराचं प्रमाण बदलत नाही. अर्ध्याचा ए-५ होतो, त्याच्या अर्ध्याचा ए-६. जगातल्या बहुतेक देशांनी हा कागद घेतला, अमेरिकेनं आपला ठेवला. लेटर ए-४ पेक्षा थोडा रुंद, पण उंचीला सुमारे १८ मिलिमीटरनं आखूड. अठरा मिलिमीटर म्हणजे मजकुराच्या तीनेक ओळी. माझा विश्वासू त्या तीन ओळींत सापडला होता.

मग एकेक दिसू लागलं. तारखेत महिना आधी येत होता, म्हणजे ३ मे रोजीचं लग्न ५ मार्चलाच उरकलेलं. कापसाच्या हिशेबात साडेबारा लाखांचे स्वल्पविराम भलत्या जागी पडले होते. बारानंतर एक आणि पन्नासनंतर एक असे दोन यायचे, तिथं पहिला एकानंतरच येऊन बसला होता. लाख-कोटी मोजणाऱ्या डोळ्याला तो आकडा पुन्हा बोट लावून वाचावा लागतो. रुपयाच्या जागी डॉलर होता. आणि भाषा हिंदी धरली गेल्यामुळं ‘ल’नं आपलं रूप बदललं होतं. मराठी छपाईतला ‘ल’ दोन पाकळ्यांचा. समोर दिसत होता तो उभ्या दांड्याला टेकलेला, रेल्वे स्टेशनच्या हिंदी पाट्यांवर दिसतो तसा. ‘श’ही तसाच परका. राज्य सरकारनं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची रूपं ठरवून दिली आहेत, पण तो कागद काही यंत्रानं वाचलेला नव्हता. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक आहे. सगळ्या मिळून मात्र माझ्या पानाला दुसऱ्या गावचा वास येत होता.

कारखान्यातून निघालेल्या सेटिंगला आपण सहज तटस्थ समजतो. जणू तिथं अजून कुणी राहायला आलेलं नाही. पण ती कुणीतरी कुठल्यातरी खोलीत बसून, आपल्या टेबलावरचा कागद आणि आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहून ठरवलेली असते. तिच्यावर जागेचा शिक्का असतो तसा काळाचाही असतो. वर्डमध्ये काही न बदलता लिहिलं तर २००७ च्या आधी टाइम्स न्यू रोमन उमटायचा, त्यानंतर कॅलिब्री, आणि अलीकडे ॲप्टॉस. २०१७ साली पाकिस्तानात पंतप्रधानांच्या कुटुंबाशी संबंधित चौकशीत काही कागद पुढं आले. तारीख होती २००६ ची आणि अक्षर कॅलिब्रीचं, जे सामान्य लोकांच्या हाती २००७ मध्ये आलं. चौकशी करणाऱ्यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. त्या कागदावर तो टाइप मुद्दाम निवडून घेतलेला असेल असं वाटत नाही. यंत्रानं समोर ठेवला तो उमटला, आणि न निवडलेलीच गोष्ट साक्षीला उभी राहिली.

आमच्या गावाचं नावसुद्धा असंच बाहेरून आलेल्या गोष्टीवर टेकलं आहे. अमरावती जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांत चांदूर दोन, एक बाजार आणि एक रेल्वे. इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावलेल्या यादीत बाजार वर असतो, रेल्वे खाली. ऑनलाइन अर्ज भरताना बोट जरा घाईत असलं तर आमच्या गावचा माणूस संत्र्याच्या मुलखात जाऊन पडतो. ज्या रेल्वेनं आम्हाला वेगळं नाव दिलं ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची. मुंबईहून निघालेले तिचे रूळ भुसावळ, बडनेरा, धामणगाव करत १८६७ साली नागपूरला पोचले. रुळांबरोबर स्टेशन आलं, कापसाच्या गाठी आल्या, आणि आणखी एक गोष्ट आली जिच्याकडं फारसं कुणी पाहत नाही. ती म्हणजे घड्याळ.

त्याआधी दुपार कधी झाली हे सावली सांगायची. रेल्वेला असं चालणार नव्हतं. प्रत्येक गावाची दुपार वेगळी धरली तर गाड्यांचं वेळापत्रक लागायचं कसं? म्हणून एकोणिसाव्या शतकात बरीच वर्षं देशभरची रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालली. चांदूर ७८ अंश रेखांशाला अगदी लागून आहे, मद्रास त्याच्या पूर्वेला सव्वादोन अंशांवर. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. म्हणजे स्टेशनच्या घड्याळात बारा वाजले तरी गावाच्या दुपारीला अजून नऊ मिनिटं अवकाश असायचा. पुढं १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. आमच्यापासून साडेचार अंश. नऊची अठरा मिनिटं झाली.

ती अठरा मिनिटं आजही तिथंच आहेत. चांदूरला सूर्य माध्यान्ही येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा वाजून अठरा मिनिटं झालेली असतात. महिन्यागणिक थोडं मागंपुढं होतं, इतकंच. हा आकडा पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मी थबकलो, कारण त्याच आठवड्यात त्या अर्जाच्या कागदावर अठरा मिलिमीटर मोजले होते. योगायोगच, त्यात गूढ काही नाही. पण तेव्हापासून मला दोन्ही अठरा एकाच जातीचे वाटतात. कुठंतरी, कुणीतरी, सगळ्यांच्या सोयीचा म्हणून एक मध्य धरला. आणि आपण नेमके त्या मध्यापासून थोडे बाजूला उभे आहोत. तो मध्य चूक आहे असं नाही. तो नसता तर गाड्या लागल्या नसत्या आणि माझा अर्ज दुसऱ्याच्या काँप्युटरवर उघडलाही नसता. पण आपण त्याच्यापासून किती दूर आहोत हे रोजच्या वापरात विसरायला होतं. रीसेटनं ते अंतर पुन्हा मोजायला लावलं.

हे अंतर कुणी किती ताणावं यालाही मर्यादा नाही. मुंबई शहरानं नवी प्रमाणवेळ मनापासून घेतलीच नाही. सरकारी घड्याळापेक्षा ३९ मिनिटं मागं असलेली आपली मुंबईची वेळ शहरातल्या काही घड्याळांनी १९५५ सालापर्यंत धरून ठेवली. चांदूरनं तसं काही केलं नाही. इथं स्टेशन हेच घड्याळ होतं. पण वावरात जाणाऱ्या माणसानं जेवायला बसण्याची वेळ कधी स्टेशनला विचारली असेल असं मला वाटत नाही. घड्याळ गाडीसाठी आणि सावली भाकरीसाठी, अशी दोन खाती इथल्या माणसानं निमूट सांभाळली.

बोटांचंही असंच दुसरं खातं असतं. माझी बोटं रेमिंग्टनच्या कळफलकावर घडली. टायपिंगच्या क्लासमध्ये ओळीनं मांडलेल्या त्या लोखंडी यंत्रांवर बसून, समोरच्या तक्त्याकडं पाहत आणि हाताकडं न पाहता. विंडोजमध्ये मराठीसाठी जो कळफलक आपसूक मिळतो तो इन्स्क्रिप्ट. त्याची आखणी सरकारी पातळीवर १९८६ साली झाली, आणि ती मोठी देखणी आहे. स्वर एका हाताला, व्यंजनं दुसऱ्या हाताला, आणि एक कळफलक शिकला की तेलुगू, बंगालीही त्याच कळांवर लिहिता येते. शिवाय २०१९ पासून विंडोजमध्ये उच्चाराप्रमाणं टाइप करायचा मराठी कळफलकही आला. नव्या पोरांची बोटं त्यावर भराभर पळतात. या दोन्हींविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण रीसेटनंतर मी ‘क’ मारायला गेलो आणि भलतंच अक्षर उमटलं तेव्हा लक्षात आलं, की यंत्राची स्मृती पुसायला एक क्षण पुरतो, बोटांची पुसायला रीसेटची कळ नाही. त्यांना मुळावर नेता येत नाही, त्यांच्यासाठी यंत्रालाच वळवावं लागतं. रेमिंग्टन पुन्हा बसवून घेतला तेव्हा हात घरी आले.

सगळ्यात जास्त चुकल्यासारखं झालं ते लाल रेघांनी. रीसेटनंतर पहिलं ललित लिहायला घेतलं आणि दर ओळीत दोनतीन शब्दांखाली तांबड्या नागमोडी रेघा उमटू लागल्या. पऱ्हाटीखाली रेघ. धुऱ्याखाली रेघ. काहूनखाली तर अशी ठळक, की मास्तरांनी छडी उगारावी. हे शब्द आधी चालत होते, कारण कधी ना कधी मी प्रत्येकावर माउस नेऊन ‘शब्दकोशात घाला’ असं सांगितलं होतं. ते सांगणं त्या जुन्या फोल्डरात राहिलं होतं.

मी तो ‘जुनं’ नावाचा फोल्डर उघडला. आत शोधत गेल्यावर शब्दांची फाइल सापडली. अशा फाइली साध्या असतात, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये वाचता येतात. वर यंत्रासाठी दोनचार ओळी आणि मग एकाखाली एक शब्द, अर्थ नाही, उदाहरण नाही, काही नाही. पऱ्हाटी. कुटार. उलंगवाडी. डवरा. तिफन. धुरा. सपरी. इस्तो. गंगाळ. रोडगे. काहून. कायले. रायलो. बम. मधेच कुणाकुणाची आडनावं, तालुक्यातली गावं, मालखेड, सावंगा, घुईखेड, एक औषधाचं नाव, आणि एक शब्द जो मी चुकीचा टाइप करून तसाच कोशात ढकलला असावा. पडद्यावर सरकत जाणारा तो एकपदरी रकाना मी बराच वेळ वाचत बसलो. मी लिहिलेले लेख कपाटात आहेत, कुणी मागितले तर देता येतात. पण मी काय काय लिहीत आलो, कुठल्या घरच्या आणि वावरच्या वस्तूंपाशी माझी लेखणी पुन्हा पुन्हा गेली, हे त्या फाइलीइतकं नागडं कुठंच लिहिलेलं नव्हतं. लेखात मी सजवून बोलतो. इथं फक्त एवढंच होतं, की प्रमाण कोशानं ज्यांना ओळखलं नाही त्यांना मी एकेक करून आत घेतलं. स्वयंपाकघर अर्धं आणि शेत अर्धं. प्रेमाबिमाचे शब्द एकही नाहीत. ते कोशात आधीपासूनच असतात, त्यांच्याखाली कधी रेघ येत नाही.

कोश करणाऱ्यांचा यात काही दोष नाही. कुठल्याही कोशाला कुठंतरी थांबावं लागतं, आणि तो बहुधा शहराच्या वेशीवर थांबतो. शाळेतही आमच्या वहीत अशाच रेघा यायच्या, ‘जाऊन रायलो’च्या खाली, तांबड्या शाईच्या. तिथं ‘शब्दकोशात घाला’ म्हणायची सोय नव्हती. त्यामुळं आम्ही दोन भाषा शिकलो, वहीतली एक आणि अंगणातली एक, आणि कुठं कुठली काढायची याचा अंदाज आला. यंत्रानं निदान विचारलं तरी. मी ती फाइल नव्या फोल्डरात जशीच्या तशी ठेवली. चुकीचा टाइप झालेला तो शब्द तेवढा वगळला.

बाकीच्या जुन्याचं काय करायचं, हा प्रश्न होताच. ‘सगळंच परत आणून देऊ काय जी?’ असं पोरानं जाताना विचारलं होतं. नको म्हटलं. जुन्या फोल्डरातून एकेक काढून पाहू लागलो तसं दिसलं, की मी बसवलेल्यापैकी पुष्कळ काही मला लागतच नव्हतं. न वापरलेल्या चिन्हांची एक रांगच्या रांग. शेकड्यानं भरलेले टाइप, ज्यांतले दोनच हाताळले. प्रत्येक पानाच्या तळाशी माझं नाव छापणारी एक ओळ, जी कुठल्या तरी संमेलनाहून परतल्यावर मोठ्या हौसेनं घातली होती. ती पुन्हा घातली नाही. पडद्यावरच्या अक्षरांचा आकार मात्र मुळावरही ठेवला नाही आणि जुन्यावरही नेला नाही. जुना आकार चष्मा लागण्याआधीच्या डोळ्यांचा होता. सवयी जतन करताना वय जतन होत नाही, हे यंत्राला कोण सांगणार? आपणच आकडा वाढवायचा.

आमच्या तालुक्यात सावंगा विठोबाला गुढीपाडव्याला यात्रा भरते. मणांनी कापूर जळतो आणि सत्तर फुटांहून उंच झेंड्यांची खोळ बदलली जाते. दोरांच्या आधारानं माणूस वर चढतो, झेंड्याला पाय लागू न देता जुनं कापड उतरवत आणि नवं चढवत जातो. खाली हजारो माणसं मान वर करून उभी असतात. काठी तीच राहते. वर्षभर ऊन-पाऊस खाल्लेलं कापड तेवढं खाली येतं. लहानपणापासून पाहिलेला हा सोहळा मला रीसेटच्या त्या दिवसांत वेगळा कळला. दर वर्षी बदलायचं काय आणि कधीच बदलायचं नाही ते काय, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक असतं. कुणी काठीला हात घालत नाही आणि कुणी जुन्या खोळीसाठी रडत नाही. आमच्या यंत्रांवर ही वाटणी कुणी करून दिलेली नाही. तिथं कापड कुठलं आणि काठी कुठली हे ज्याचं त्यानं बिघाडाच्या संध्याकाळी, चहा निवत असताना ठरवायचं.

मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. कागद ए-४. तारखेत दिवस आधी. स्वल्पविराम लाखाचे. भाषा मराठी, म्हणजे ‘ल’ आपल्या दोन पाकळ्यांवर बसेल. कळफलक रेमिंग्टन. शब्दांची ती फाइल. अक्षरं डोळ्यांना झेपतील एवढी. एवढं बसवायला अर्धा तास पुरतो, आणि एवढं बसलं की ते टेबल माझं होतं. उरलेल्या शंभर गोष्टी, ठळक अक्षर कुठल्या कळेनं करायचं, ओळींत अंतर किती, मजकूर आपोआप किती मिनिटांनी जतन व्हावा, या त्यांनी ठरवल्या आहेत तशा राहू दिल्या. दूरवरच्या त्या खोलीतल्या लोकांनी विचार करूनच ठरवल्या असणार, आणि प्रत्येक ठिकाणी भांडत बसायला मी काही मुंबई नाही. अठरा मिलिमीटरचं तेवढं मी बघून घेतो.